येरळा ते सेनियो : अण्णांच्या पलटणीमागे सात दिवस

५ एप्रिल २०२५, शनिवार : मुंबई ते रोम

विमानात बसल्यावर बाबांनी सर्वांत आधी पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली आणि आतला पत्र्याचा डबा जागेवर असल्याची खात्री करून घेतली. त्या डब्यात माझ्या आजोबांची, म्हणजे अण्णांची, चार पदके, डिस्चार्जची जीर्ण चोपडी आणि कडा झिजलेले एक छायाचित्र होते. बाबांचे वय ७७. एसटीत तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाने हा पहिला विमानप्रवास केला, तोही आपल्या वडिलांनी एकोणीस-वीस महिने चिखल तुडवलेला देश पाहण्यासाठी.

आमचे गाव साताऱ्याच्या खटाव तालुक्यातले, पाऊस चुकवून जाणाऱ्या पट्ट्यातले. १९४१ साली अण्णा बेळगावला जाऊन मराठा पलटणीत भरती झाले, त्यामागे ना इंग्रजांवरचे प्रेम होते ना हिटलरवरचा राग. घरात सात तोंडे होती आणि विहिरीने तळ दाखवला होता. 'पोटासाठी गेलो' हे त्यांचे उत्तर ठरलेले असे. त्यांची पलटण पहिली, म्हणजे त्या काळच्या लिखाणीत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. इराक-इराण करत ती आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या टाचेवर, तारांतोला उतरली आणि महायुद्ध संपेपर्यंत त्याच देशात लढत राहिली.

अण्णा १९९९ साली गेले. त्यांच्या मागे हा प्रवास करायला आम्हाला पाव शतक लागले. पैसे आणि रजा ही सांगण्यासारखी कारणे. खरे कारण वेगळे होते आणि ते घरातलेच होते. अण्णांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणत असू, प्रतिसरकारातले होते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चात ते होते. त्या मोर्चावर गोळीबार होऊन नऊ जण हुतात्मा झाले. त्यानंतर दादा भूमिगत झाले आणि १९४६ पर्यंत बहुतेक काळ रात्रीचेच घरी येत. एकाच घरातला एक भाऊ इंग्रजाचे राज्य उलथवायला डोंगरात आणि दुसरा त्याच इंग्रजाच्या फौजेत सातासमुद्रापार, अशी आमच्या घराची तेव्हाची स्थिती होती. दादांना पुढे ताम्रपट मिळाला, तो काचेच्या चौकटीत सोप्यातल्या भिंतीवर लागला. अण्णांची पदके धान्याच्या कणगीमागच्या पेटीत राहिली, आणि ती तिथे कोणी ठेवली असे विचाराल तर त्यांनी स्वतःच.

रोमला उतरेपर्यंत रात्र झाली होती. ख्रिस्ती लोकांचे जयंती वर्ष चालू असल्याने शहर यात्रेकरूंनी भरून गेले होते. मिलानला नोकरी करणारा माझा भाचा विमानतळावर घ्यायला आला होता. आजोबांना वाकून नमस्कार करताना त्याने पिशवी हातात घ्यायला हात पुढे केला, पण बाबांनी ती दिली नाही.

६ एप्रिल, रविवार : कासिनो

रोमहून कासिनोला सकाळची पॅसेंजर गाडी पकडली. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मध्ये अरुंद होत जाणारे खोरे. दक्षिणेकडून रोमकडे येणाऱ्या कोणत्याही सैन्याला याच खोऱ्यातून जावे लागते आणि म्हणूनच जानेवारी ते मे १९४४ या काळात येथे चार मोठ्या लढाया झाल्या, हे पुस्तकात वाचलेले वाक्य खिडकीतून पाहताना प्रथमच नीट कळले. घाटमाथ्यावरच्या किल्ल्यांची सवय असलेल्या माणसाला हे समजायला फार वेळ लागत नाही. वर मठ, खाली वाट. वर बसलेल्याला खालची मुंगीही दिसते.

स्टेशनवरून आम्ही टॅक्सी करून राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशानात गेलो. हिरवळीवर ओळीने उभे केलेले पांढरे दगड, संख्येने ४,२७१. मागे, थेट डोक्यावर, पुन्हा बांधलेला मोंते कासिनोचा मठ. मधल्या पाण्याच्या कुंडाभोवती हिरव्या संगमरवराचे उंच फलक उभे आहेत आणि ज्यांची कबर सापडली नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्यांवर कोरलेली आहेत. त्यात एक नाव मी मुद्दाम शोधले : नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळच्या पळसगावचा हा मुलगा मेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. माणगावला त्याचा पुतळा आहे आणि कोकणात जाताना कित्येकदा मी त्याच्या जवळून गेलेलो आहे. पण त्याच्या देहाचा पत्ता कोणालाच लागला नाही, त्याचे नाव इथे या फलकावर आहे, हे मला परवापरवापर्यंत माहीत नव्हते.

हिंदू सैनिकांच्या दगडांवर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' असे कोरलेले आहे. बाबा त्यातल्या एका दगडापाशी बराच वेळ उभे राहिले. परदेशात पहिल्या दिवशी वाचायला मिळालेले देवनागरी, आणि ते असे. त्यांनी एकेका दगडावरचे गाव शोधायला सुरुवात केली, परंतु दगडावर गाव नसते. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारीख आणि वय एवढेच असते. 'गाव न्हाय लिवलं,' ते म्हणाले, आणि त्या स्वरात खरोखरची तक्रार होती. आमच्याकडे माणसाचे नाव सांगितले की पुढचा प्रश्न 'कुठल्या गावचा?' हाच असतो.

त्या दिवशी रामनवमी होती. आईने निघताना सुंठवड्याची पुडी दिलेली होती. दुपारी बारा वाजता गावातल्या चर्चच्या घंटा वाजू लागल्या, रविवारच्या की नेहमीच्या ते माहीत नाही. बाबांनी बाकावर बसून पुडी सोडली, आम्हा दोघांच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली आणि स्वतः तोंडात टाकून डोळे मिटून बसले. कासिनोच्या लढाईत शेवटी, मे महिन्यात, आठव्या डिव्हिजनने खालची गारी नदी ओलांडली. अण्णा या नदीबद्दल फार बोलत नसत. इटलीतल्या सगळ्या नद्या त्यांच्या बोलण्यात एकच होत, 'एक वलांडली की दुसरी हायेच म्होरं'. आणि नकाशा पाहिला तर ते शब्दशः खरे आहे. आपेनाईन पर्वताच्या दोन्ही उतारांवरून समुद्राकडे धावणारी प्रत्येक नदी वरच्या दिशेने चालणाऱ्या सैन्याला आडवी येते.

७ एप्रिल, सोमवार : माँतोने

रोममध्ये भाड्याने गाडी घेऊन भाच्याने आम्हाला उंब्रियात नेले. जैतुनाच्या बागा, टेकडीच्या माथ्यावर बसवलेली गावे आणि खाली टायबरचे खोरे. माँतोने हे अशाच एका टेकडीवरचे लहानसे, तटबंदीचे गाव आहे. १० जुलै १९४४ रोजी याच परिसरात तिसऱ्या बटालियनच्या यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या गनवर धावून गेले. ग्रेनेडने त्यांनी गन आणि गनवाला उडवला, टॉमीगनने आणखी एकाला मारले. मॅगझीन संपले आणि बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने संपवले. लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या खंदकातच त्यांचा प्राण गेला.

हे वर्णन अधिकृत प्रशस्तिपत्रातले आहे, आणि मला ते वाचताना नेहमी थोडे अवघडल्यासारखे होते. शौर्याबद्दल शंका नाही. पण त्या खंदकातले ते चार जणही कोणाच्या तरी सोप्यातल्या भिंतीवर फोटो होऊन राहिले असतील. अण्णांनाही असेच वाटत असावे, कारण जर्मनांबद्दल बोलताना त्यांच्या तोंडून कधी शिवी ऐकल्याचे आठवत नाही. 'ती बी पोटापायीच आल्याली,' असे ते म्हणत. ते कितपत खरे होते हा भाग वेगळा.

माँतोनेच्या नगरपालिकेने २०२३ च्या जुलैमध्ये घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभारले. ते आहे सूर्यघड्याळ, आणि आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. तलवार, बंदूक, पुतळा यांपैकी काहीही न निवडता एका परक्या देशातल्या शिपायासाठी सूर्यघड्याळ निवडणाऱ्यांचे मला कौतुक वाटले. आम्ही पोहोचलो तेव्हा ढग आले होते आणि काट्याची सावली पडत नव्हती. भाचा म्हणाला, थांबू या. बाबा म्हणाले, 'येळ काय झाला त्ये घड्याळात बगायला आपण आलोय व्हय?' तरीही आम्ही थांबलो. पाऊण तासाने ऊन आले, सावली पडली, आणि आमच्या मनगटावरच्या घड्याळाशी ती काही जुळेना. उन्हाळी वेळेचा एक तास त्या दगडाला माहीत नसतो, हे भाच्याने नंतर जेवताना उलगडून सांगितले.

८ एप्रिल, मंगळवार : रस्त्यात

पेरूजाहून ई-४५ हा महामार्ग धरून, आपेनाईन ओलांडून, आम्ही रोमान्याच्या सपाटीवर उतरलो आणि संध्याकाळी लुगो या गावी मुक्काम केला. दिवसभरात सांगण्यासारखे एवढेच की घाटात बोगद्यांमागून बोगदे लागले आणि प्रत्येक बोगद्यातून बाहेर पडल्यावर बाबा खाली दरीत पाहून विचारत, 'ही चालत आली व्हय रं?' अण्णांच्या पलटणीने हे डोंगर १९४४ च्या पावसाळी शरद ऋतूत आणि पुढच्या हिवाळ्यात काढले, खेचरांच्या पाठीवर दारूगोळा आणि खाली बुटात बर्फाचे पाणी. थंडीने त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटे कायमची बधिर झाली होती. लहानपणी आम्ही नातवंडे त्या बोटांना चिमटे काढायचो आणि ते मुद्दाम न हलता बसून राहायचे.

लुगोच्या चौकात पहिल्या महायुद्धातल्या एका वैमानिकाचे भव्य स्मारक आहे. त्याच्या विमानावरचे उधळलेल्या घोड्याचे चिन्ह पुढे फेरारी मोटारीवर आले, हे सांगताना भाचा जितका फुलला तितका तो सबंध प्रवासात कुठे फुलला नाही. त्याच्या वयाला ते साजेसेच होते.

९ एप्रिल, बुधवार : सेनियो

या तारखेसाठीच सगळा प्रवास असा आखला होता. बरोबर ऐंशी वर्षांपूर्वी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनियो नदीवर इटलीतल्या युद्धाचा शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला.

आम्ही सकाळी लुगोच्या पूर्वेला, द्राक्षांच्या आणि पीचच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्याने निघालो. समोर गवताने झाकलेला उंच मातीचा बांध आडवा पसरलेला दिसला आणि रस्ता संपला. 'नदी कुठं हाय?' बाबांनी विचारले. बांध चढून वर गेल्यावर, पलीकडच्या तितक्याच उंच बांधाच्या आणि आमच्या मधोमध, खाली खोल, चार-सहा पावलांत ओलांडावी अशी गढूळ पाण्याची एक धार वाहत होती. बाबा काही क्षण बघतच राहिले आणि मग मोठ्याने हसले. 'आरं ही तर आपली येरळा!'

अण्णा अगदी हेच सांगत असत. 'नदी काय, येरळंएवढी. पर बांध, बांध बगायचा.' लहानपणी आम्हाला ते पटत नसे. एवढ्याशा नदीवर एवढे मोठे युद्ध कसे होईल? बांधावर उभे राहिल्यावर ते पटले. ही सपाटी पुराची आहे. तिला वाचवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या माती घालून दोन्ही काठ घराच्या उंचीचे केलेले आहेत, आणि मे २०२३ मध्ये या प्रांतात नद्यांनी बांध फोडले तेव्हा काय हाहाकार झाला तो भाच्याने मिलानमधून पाहिला होता. १९४५ मध्ये जर्मनांनी याच बांधांच्या पोटात खंदक, बिळे आणि मशीनगनच्या जागा खोदल्या होत्या. पाणी कमी, पण त्याच्यापर्यंत जाणे आणि त्यातून वर येणे म्हणजे मृत्यूच्या तोंडात उतरून त्याच्या नाकावर चढणे.

त्या दिवशी दुपारी आठशेहून अधिक जड बॉम्बफेकी विमाने आली. नंतर तोफा सुरू झाल्या, थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. थांबल्या की हल्ला येणार असे वाटून जर्मन वर येत आणि पुन्हा तोफा सुरू होत. संध्याकाळी सव्वासातच्या पुढे ज्वाला फेकणाऱ्या गाड्या बांधावर चढल्या आणि त्यांच्या पाठोपाठ पायदळ निघाले. 'नदीच पेटली,' असे अण्णा म्हणत, आणि एवढे म्हणून ते सुपारी कातरू लागत.

पहिल्या पलटणीच्या आघाडीवरच्या कंपनीचा एक गट पूर्वेच्या बांधावरच जवळजवळ कापला गेला. त्या कंपनीचा रनर, म्हणजे निरोप्या, होता नगर जिल्ह्यातल्या निमजचा शिपाई नामदेव जाधव. त्याने दोन जखमींना, एकामागून एक, खोल पाण्यातून, उभ्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणले. मग तो एकटाच परत गेला आणि त्याने तीन मशीनगनची ठाणी संपवली. हाताला गोळी लागून टॉमीगन पेलेना, तेव्हा ग्रेनेडवर भागवले. अखेर तो बांधाच्या माथ्यावर उभा राहिला आणि मराठ्यांची आरोळी देत त्याने मागच्या कंपन्यांना हात करून पुढे बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच लढाईत, उत्तरेला फुझिन्यानोजवळ, कोहाटचा अली हैदर यालाही तो मिळाला. एकाच नदीवर एकाच दिवशी दोन. नामदेवराव पुढे जगले, १९८४ साली पुण्यात वारले. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि त्यांना भेटायला जाणे सहज शक्य होते, ही चुटपुट राहील.

अण्णा त्या मागच्या कंपन्यांपैकी एकीत होते. त्यांनी जाधवांना पाहिले नाही, धुरात काहीच दिसत नव्हते. त्यांनी आरोळी ऐकली. 'आपल्या भाषेत कोनतरी शिवाजी म्हाराजांचं नाव घ्यातंय, म्हंजी वर आपला मानूस हाय, एवडं कळलं. मग निगालो.' त्यांच्या सबंध युद्धाची गोष्ट सांगताना एवढे एकच वाक्य ते ताठ बसून सांगत. शेजारून धावणारा त्यांचा सोबती, येरळेच्या पलीकडच्या गावचा, बांध उतरताना पडला. तो पुन्हा उठला नाही.

बाबांनी डब्यातून पदके काढली आणि कोटाला लावली. इटली स्टारच्या फितीवर इटलीच्याच निशाणाचे तांबडे, पांढरे, हिरवे रंग आहेत. एक सायकलवाला म्हातारा बांधावरून चालला होता. त्याची नजर फितीवर गेली, तो उतरला आणि भाच्याशी बोलू लागला. तो १९४५ नंतर जन्मलेला होता, पण त्याच्या आईने त्याला सांगितले होते की लुगोत दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा आले ते हिंदुस्थानी. त्याने बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. बाबा मराठीत म्हणाले, 'आमचं वडील हुतं त्यात.' भाच्याने भाषांतर करण्याआधीच तो मान हलवू लागला होता.

दुपारी आम्ही आल्फोन्सिने गावातले सेनियोच्या लढाईचे संग्रहालय पाहिले. गाव युद्धात उद्ध्वस्त होऊन नव्याने उभे राहिलेले. संग्रहालयात दोस्तांच्या वेगवेगळ्या फौजा आहेत, जर्मन आहेत, तळघरात दिवस काढणारे गावकरी आहेत, आणि त्यांच्याच बरोबरीने इटलीचे पार्तिझान आहेत, म्हणजे आपल्या भाषेत भूमिगत. मला तिथे राहून राहून आमच्या सोप्यातली भिंत आठवत होती. १५ ऑगस्टला शाळेच्या पटांगणात दादा खुर्चीवर बसत आणि अण्णा मागे लिंबाखाली उभे राहत. मी एकदा चिडून विचारले तेव्हा अण्णा म्हणाले, 'त्येनं देशासाठी केलं, मी खाल्ल्या मिठाला जागलो. दोन्हीचा भाव येक कसा लागंल?' ते कडवटपणे म्हणाले नव्हते, आणि त्यामुळेच मला जास्त लागले होते. दादा भूमिगत असताना त्यांच्या बायकामुलांच्या ताटात पडलेली ज्वारी अण्णांच्या मनीऑर्डरीवर विकत घेतलेली होती, हे दादांनी स्वतः भर भावकीत सांगितले होते. तेही शाळेच्या भाषणात मात्र कधी आले नाही.

१० एप्रिल, गुरुवार : फोर्ली

फोर्लीहून रावेन्नाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिंदी सैन्याचे स्वतंत्र युद्धस्मशान आहे. इटलीत कामी आलेल्या हिंदी सैनिकांची संख्या पाच हजार सातशेहून अधिक. त्यांतल्या ४९६ जणांचे दगड इथे आहेत. आणि ज्यांना आपापल्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला अशा साडेसातशेहून अधिक जणांची नावे दहनस्मारकावर आहेत. रणांगणात सरण रचणे काय असेल? लाकडे, पेट्रोल आणि मंत्र येणारा कोणी असला तर. अण्णांच्या सोबत्याला अग्नी त्यांनीच दिला होता. त्याला आईबाप नव्हते, लग्न झाले नव्हते.

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला अण्णा पितरांच्या पानाशेजारी आणखी एक पान वाढत, पाणी सोडत आणि त्या सोबत्याचे नाव मोठ्याने घेत. पाहुणे विचारत, हा कुठला भाऊबंद? अण्णा म्हणत, 'नदीपल्याडचा.' लोकांना वाटे, येरळेच्या. १९९९ च्या वैशाखात अण्णा गेले. त्या वर्षीच्या सर्वपित्रीला पाने मांडली जात असताना ऐंशी ओलांडलेले दादा काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आले आणि त्यांनी सुनेला सांगितले, 'आनि येक पान घ्या.' त्यांनी स्वतः पाणी सोडले आणि नाव घेतले. इंग्रजाच्या फौजेत इंग्रजासाठी मेलेल्या त्या माणसाचे नाव, ताम्रपटाखाली बसून. चार वर्षांनी दादा गेले. तेव्हापासून हे काम बाबांकडे आले.

ते नाव आम्हाला फलकावर सापडेना. पलटणीनिहाय यादी असूनही सापडेना. मी दोनदा वाचली, भाच्याने एकदा. तेव्हा बाबा पुढे झाले आणि रोमन अक्षरे एकेक लावून, एसटीच्या गाडीवरची पाटी वाचावी तसे, मोठ्याने वाचू लागले. एका आडनावाशी थांबले, पुन्हा वाचले. कुण्या कारकुनाने कानाला आले तसे लिहिलेले होते, 'ळ' चा 'ल' आणि मधले एक अक्षर गायब. उच्चारल्यावरच ते आमच्याकडचे आडनाव झाले. बाबांनी त्यावर तळहात ठेवला. मी ते नाव इथे लिहीत नाही, कारण त्याची भावकी त्या गावात अजून नांदते आहे आणि तिला विचारल्याशिवाय ते छापण्याचा अधिकार मला नाही.

बाबांनी पिशवीतून बांधून आणलेली बाजरीची भाकरी काढली. पाच दिवसांत ती कडक झाली होती. तिच्यावर शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. दुकानातून घेतलेला भात भाच्याने कागदी ताटलीत वाढला. ताटली स्मारकाच्या पायरीवर ठेवून बाबांनी बाटलीतले पाणी तिच्याभोवती सोडले आणि आधी अण्णांचे, मग दादांचे, मग सोबत्याचे नाव घेतले. आम्ही मागे सरून कावळ्याची वाट पाहू लागलो. इकडचे कावळे राखाडी अंगाचे असतात. दोन समोरच्या झाडावर होते, पण ते काही उतरले नाहीत. बऱ्याच वेळाने पिवळ्या चोचीचा एक काळा, साळुंकीएवढा पक्षी टुणटुणत आला आणि त्याने भाताची दोन शिते उचलली.

'चालतंय,' बाबा म्हणाले.

ताटली आवरून, पायरी पाण्याने धुऊन आम्ही फाटकाकडे निघालो. तिथल्या भिंतीतल्या पितळी कप्प्यात अभ्यागतांची वही असते. बाबांनी पेन मागून घेतले. मागची पाने चाळली तेव्हा बहुतेक नोंदी इटलीतच राहणाऱ्या शिखांच्या दिसल्या, गुरुमुखीत आणि इटालियनमध्ये. मराठी एकही नव्हती. बाबांनी नावाच्या रकान्यात स्वतःचे पूर्ण नाव लिहिले, पत्त्याच्या रकान्यात गाव, तालुका खटाव, जिल्हा सातारा असे ठळक लिहिले. शेऱ्याच्या रकान्यापाशी हात थांबला. मग त्यांनी सोबत्याचे नाव देवनागरीत, 'ळ' सकट, बरोबर लिहिले आणि त्यापुढे त्याचे गाव घातले.

११ एप्रिल, शुक्रवार : परत

बोलोन्याहून मिलान, मिलानहून रात्रीचे विमान. आगगाडीत बाबांनी चुलत्यांना, म्हणजे दादांच्या मुलाला, गावी फोन लावला. नाव सापडले हे ऐकून पलीकडे काही वेळ आवाज आला नाही. मग चुलत्यांनी नदीपलीकडच्या त्या गावात जाऊन भावकीला सांगायचे की आम्ही परत आल्यावर सगळ्यांनी मिळून जायचे, यावर दोघांची बरीच चर्चा झाली. चुलत्यांचे म्हणणे पडले की हे काम फोनवरचे नव्हे. येत्या रविवारी, मोटारसायकलने नको, चालत जाऊ, येरळेला सध्या गुडघाभरही पाणी नाही.